रात्री गळ टाकून बसणाऱ्यासाठी हेडलॅम्पचे सेल: आमच्या डब्यात काय टिकलं, काय गेलं

रात्री गळ टाकून बसणाऱ्याचा दिवा बहुतेक वेळ बंदच असतो. हेडलॅम्पचे, म्हणजे कपाळावर बांधायच्या दिव्याचे, सेल घेताना हीच गोष्ट लक्षात राहत नाही. मलाही ती कळायला बरीच वर्षं लागली. आमिष लावायचं, गाठ मारायची, मासा जाळीत घ्यायचा, त्याच्या तोंडातला गळ सोडवायचा, एवढ्यापुरता उजेड लागतो. बाकीचा वेळ अंधारात बसून काठीच्या टोकाकडे बघत राहायचं. सात-आठ तासांच्या रात्रीत माझा दिवा सगळा मिळून दीड-दोन तास पेटतो. मग तो पिशवीत जातो आणि दोन-तीन आठवडे, कधी दोन-तीन महिने, तसाच पडून राहतो.

म्हणजे आपल्याला हवा तो सेल असा: थोडा थोडा वापरला तरी चालणारा, पडून असताना न उतरणारा, न पाझरणारा आणि ऐन वेळी ओल्या हातांनी बदलता येणारा. पाकिटावर छापलेले तास यातलं काहीच सांगत नाहीत.

माझं काम घड्याळं, रिमोट, छोटे रेडिओ असली बारीक उपकरणं दुरुस्त करण्याचं. टेबलावर व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर कायम असतो, आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटाही. मासे धरायला मी आणि माझा मोठा भाऊ जातो. दादाला सेलच्या गणितात रस नाही. त्याला फक्त दिवा लागलेला हवा असतो. त्यामुळे आमच्या दोघांच्या सेलची निवड, खरेदी आणि चार्जिंग माझ्याकडे आहे, आणि फसले तर बोलणीही मलाच खावी लागतात. एक सेल आम्हाला कसा फसवून गेला, तिथूनच सुरुवात करते.

तेव्हा माझ्याकडे तीन बारीक पेन्सिल सेलवर, म्हणजे एएएवर, चालणारा साधा हेडलॅम्प होता. त्यात अल्कलाइन, म्हणजे एकदा वापरून टाकायचे, सेल घातलेले. निघण्यापूर्वी घरी दिवा लावून पाहिला, लख्ख पेटला. पाण्यावर पोचून दोन तास झाले असतील, दादाच्या काठीला जोराची ओढ लागली. मी जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले आणि दिवा लावला. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग उजेड पिवळट व्हायला लागला. मासा दोनदा जवळ येऊन परत आत गेला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा मला पाण्यात दोर कुठे आहे तेही दिसेना. जाळी चुकीच्या बाजूने घातली, दोर जाळीच्या कडेला घासला आणि तुटला.

“अगं, घरी तर लख्ख पेटला होता ना?” दादा म्हणाला.

पेटला होता, आणि खोड तिथेच आहे. अर्धवट वापरलेला अल्कलाइन सेल विश्रांती मिळाली की थोडा सावरतो. आठवडाभर पडून राहिला की त्याचा व्होल्टेज पुन्हा वर येतो, आणि मिनिटभर लावून पाहिलं तर दिवा नव्यासारखा पेटतो. सलग भार पडला की तो घसरायला लागतो. म्हणजे घरची चाचणी नेमकी तीच गोष्ट लपवते जी आपल्याला कळायला हवी असते.

दुसरं असं की अल्कलाइनचा व्होल्टेज एका जागी राहतच नाही. नवा सेल १.६ व्होल्टच्या आसपास असतो, निम्मा वापरला की सव्वाच्या जवळ येतो आणि ०.९ ला संपल्यात जमा. असे तीन एकामागे एक लावले तर ४.८ पासून सुरुवात होऊन ते पावणेचारपर्यंत आणि मग पावणेतीनपर्यंत उतरतात. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. साध्या दिव्यात मध्ये करंट रोखणारा फक्त एक रेझिस्टर असतो, त्यामुळे सेल जसा उतरेल तसा उजेडही उतरतो. निम्मा सेल शिल्लक असताना उजेड मात्र निम्म्याहून बराच कमी झालेला असतो. पाकिटावरचे तासही याच उतारावर मोजलेले असतात. २००९ साली टॉर्च आणि हेडलॅम्पसाठी एफएल-१ हे मोजणीचं अमेरिकी प्रमाण आलं. त्यानुसार उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हा दिव्याचा चालण्याचा काळ धरतात. २०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) दिवा शेवटच्या तासांत २० ल्युमेनवर मिणमिणत असला, तरी ते तास छापील आकड्यात मोजलेले असतात. तंबूत बसून वाचायला तेवढा उजेड पुरेल; पाण्यात बारीक दोर शोधायला पुरत नाही.

अल्कलाइनवरचा माझा खरा राग मात्र वेगळा आहे, आणि तो धंद्यातून आलेला आहे. माझ्या टेबलावर येणारी निम्मी मेलेली उपकरणं पाझरलेल्या सेलमुळे मेलेली असतात. झाकण उघडलं की स्प्रिंगवर पांढरी भुकटी, तिच्या कडेला हिरवट निळा थर आणि खाली पट्टीचा मुलामा खाल्लेला. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याची भुकटी होते, आणि ओलावा धरून ती धातू खात राहते. मी कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून ते पुसते. जरासा फेस येतो, भुकटी विरघळते. मग साध्या पाण्याने पुसायचं, पूर्ण वाळवायचं आणि बारीक पॉलिश पेपरने पट्टी चमकेपर्यंत घासायची. घड्याळ यातून वाचतं. हेडलॅम्प बहुतेकदा वाचत नाही, कारण त्यात बटणाखालची पट्टी आणि सेलच्या पट्ट्या एकाच लहानशा सर्किटवर असतात आणि द्रव थेट तिथे पोचतो. दादाचा एक चांगला दिवा असाच गेला. तीन महिने पिशवीत होता, तीनपैकी एकच सेल पाझरला होता. दिव्याचा काही दोष नव्हता. सेल काढून ठेवायला हवे होते, आणि ते माझ्याकडून राहिलं.

तेव्हापासून आमच्या मासेमारीच्या पिशवीत अल्कलाइन सेल नाही. घाईच्या वेळी दुसरं काही मिळालंच नाही तर एका रात्रीपुरते घालावेत, आणि घरी आल्या आल्या हात धुण्याआधी काढावेत.

त्यांची जागा घेतली ती निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे पुन्हा चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलनी. यांच्याबद्दल लोकांच्या मनात जुनी अढी आहे आणि एके काळी ती बरोबरही होती. जुने निकेल सेल चार्ज करून ठेवले की महिन्याभरात बराचसा चार्ज आपोआप गमवायचे. रात्रीच्या मासेमारीला ते निरुपयोगीच, कारण आपला दिवा पडून जास्त असतो. २००५ साली सॅनयोने एनेलूप बाजारात आणले आणि हे बदललं. आता ते पॅनासॉनिककडे आहेत. पडून असताना फार कमी उतरणारे असे सेल आज इतरही कंपन्या बनवतात. एनेलूप बनवणाऱ्यांचा दावा आहे की साध्या प्रकारात दहा वर्षांनंतरही ७० टक्के चार्ज राहतो. दहा वर्षं मी काही तपासलेलं नाही. सहा महिने पिशवीत राहिलेल्या तीन सेलवर मात्र मी अख्खी रात्र काढली आहे, आणि एकदाही सेल बदलावे लागले नाहीत.

त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि तेवढ्यावरून माणसं मागे फिरतात. तीन सेलचे ३.६, अल्कलाइनचे साडेचार, मग दिवा मंदच लागणार असं वाटतं. सुरुवातीला साध्या दिव्यात तो थोडा मंद लागतोही. पण निकेल सेल १.२ च्या आसपास येऊन जो थांबतो, तो जवळजवळ संपेपर्यंत तिथेच राहतो. अल्कलाइन मात्र घसरत घसरत मध्यावर कधीतरी त्याच्याखाली जातो आणि पुढे खालीच राहतो. पहाटे तीनला जाळी घालायची असेल तर मला संध्याकाळच्या सातचा लख्खपणा नको, पहाटेचा तोच उजेड हवा. पुन्हा, खरेदीत डोळ्यात भरेल असा एक मोह इथेही आहे. एनेलूपच्या एएमध्ये, म्हणजे जाड पेन्सिल सेलमध्ये, जास्त क्षमतेचा, २५०० मिलिअँपिअर-तासांचा प्रकार मिळतो (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं हे माप). साधा एए किमान १९०० चा असतो. मी साधाच घेते. जास्त क्षमतेचा कंपनीच्याच आकड्यांनुसार ५०० वेळा चार्ज होतो, साधा २१०० वेळा. दीड-दोन तासांच्या वापराला ते जादाचे सहाशे कधी लागतच नाहीत.

या सेलना शिस्त मात्र लागते, ती सांगते.

एक, चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्र बघणारा हवा. दोन-दोनच्या जोडीत चार्ज करणारे साधे चार्जर तीन सेलच्या दिव्याला घातक ठरतात. तिसऱ्या सेलला जोडीदार म्हणून कुठला तरी अर्धा भरलेला सेल बसतो, आणि मग एक कमी भरतो नाहीतर दुसरा जास्त भरून तापतो. आणि दिव्यात तीन सेल एकामागे एक असल्यामुळे सगळ्यात दुबळा आधी संपतो. तरीही उरलेले दोघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि त्याचे टोक उलटे होतात. असा उलटा झालेला सेल पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून मी सेलवर पक्क्या शाईच्या पेनाने खुणा केल्या आहेत: क१, क२, क३, मग ख१, ख२, ख३. ‘क’चे तिघे कायम एकत्र राहतात. एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे, आणि एकाने मान टाकली की तिघांनाही दिव्यातून निवृत्ती.

दोन, हे सेल संपताना पूर्वसूचना फारशी देत नाहीत. शेवटपर्यंत नीट चालतात आणि मग काही मिनिटांत बसतात. मल्टिमीटर लावूनही किती उरलं ते कळत नाही, कारण व्होल्टेज जवळपास तेच दिसतं. उलट काही दिव्यांचा लाल इशारा अल्कलाइनच्या हिशेबाने लावलेला असतो आणि तो निकेल सेल पूर्ण भरलेले असतानाही लुकलुकायला लागतो. मी इशाऱ्याकडे बघणं सोडलं आहे. निघण्याच्या आदल्या रात्री सेल चार्जरला लावते, मग ते आधी वापरलेले असोत की नसोत.

थंडीत हे सेल चांगले टिकतात. अल्कलाइनची ताकद शून्य अंशाच्या आसपास फारच घटते, निकेलची इतकी नाही.

आता लिथियम. हा शब्द दोन अगदी वेगळ्या सेलसाठी वापरतात आणि त्यातून घोटाळे होतात. एक असतो चार्ज न होणारा १.५ व्होल्टचा लिथियम पेन्सिल सेल. आत लिथियम आणि आयर्न डायसल्फाइड. एनर्जायझरचे अल्टिमेट लिथियम हे यातले सर्वांत ओळखीचे. दुसरा चार्ज होणारा लिथियम-आयन, ३.६-३.७ व्होल्टचा. पहिला चार्जरला लावायचा नाही, आणि दुसरा साध्या पेन्सिल सेलच्या जागी घालायचा नाही.

पहिल्याची गंमत तो हातात घेतल्यावरच कळते. माझ्या काट्यावर तीन अल्कलाइन एएए साधारण ३४ ग्रॅम भरतात, तीन लिथियम २३. अकरा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण कपाळावर रात्रभर पट्टा बांधून खाली वाकून गाठी मारल्या की फरक समजतो. दिवा भुवईवर घसरत नाही. उणे ४० अंशापर्यंत चालण्यासाठी ते बनवलेले असतात आणि वीस वर्षांहून जास्त काळ साठवता येतात. पाझरलेला एकही माझ्या टेबलावर आजवर आलेला नाही. दोष एवढाच की वापरून टाकून द्यावे लागतात. दर काही रात्रींनी जाळून फेकायला ते मला पटत नाही. म्हणून माझ्याकडे ते एकाच ठिकाणी असतात, जोडीच्या लहान दिव्यात. तो दिवा मी दोरीने गळ्यात अडकवते आणि बहुतेक रात्री त्याला हातही लागत नाही. नेमकं अशाच कामासाठी हा सेल आहे. एक तपासून घ्या: नवा असताना तो मोकळा मोजला तर १.८ व्होल्टच्या जवळ असतो, तिघांचे जवळपास साडेपाच होतात. काही दिव्यांच्या माहितीपत्रकात लिथियम घालू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचूनच घाला.

हल्ली पेन्सिल सेलच्याच आकाराचे यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे सेलही मिळतात. आत लिथियम-आयन आणि व्होल्टेज कमी करणारं सर्किट. त्यांच्यावर आकडा मिलिवॉट-तासात छापतात म्हणून तो मोठा दिसतो. दीडने भागा, म्हणजे ओळखीच्या मिलिअँपिअर-तासांच्या जवळ याल. माझ्याकडचे चार मी दोन महिने वापरले. उजेड शेवटपर्यंत जराही हलत नाही आणि मग फट्कन पूर्ण काळोख. तीनपैकी एकाच्या सर्किटने आधी हात वर केले की उरलेले दोघे भरलेले असूनही दिवा बंद. पाण्यात उभं असताना हे मला चालत नाही. ते आता घरातल्या रिमोटमध्ये आहेत.

माझ्या मुख्य दिव्यात आज १८६५० हा लिथियम-आयन सेल आहे. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळी. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. चांगल्या सेलची क्षमता ३४००-३५०० मिलिअँपिअर-तास. माझा दिवा मधल्या उजेडाला साधारण १५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सलग लावला तरी वीस तासांच्या वर. आमच्या हिशेबात त्या दहा-बारा रात्री झाल्या. मी तेवढं ताणत नाही, तीन रात्रींनंतर चार्ज करते. २१७०० हा त्याचा मोठा भाऊ, ५००० पर्यंत जातो, पण ७० ग्रॅमच्या आसपास वजन कपाळावर येतं. मला ४७-४८ ग्रॅमचा १८६५० च पुरतो. मानेचा त्रास असलेल्यांनी सेल डोक्यामागे असलेला दिवा घ्यावा, भार दोन्हीकडे वाटला जातो.

या सेलच्या बाजारात मात्र डोळे उघडे ठेवा. मी सुरुवातीला घेतलेल्या जोडीवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं होतं. या मापाच्या नळीत एवढं मावतच नाही. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, पण हातात घेतल्यावर सेल हलका लागला म्हणून काट्यावर ठेवला. ३३ ग्रॅम. खरा १८६५० पंचेचाळीसच्या खाली सहसा नसतो. चार्जरच्या मोजणीत तो ११०० च्या थोडा वर गेला आणि थांबला. आकडा ३६०० च्या पुढे असेल तर पाकीट परत ठेवा, बाकी काही वाचू नका. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मोलिसेल यांचे सेल खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्यावेत आणि घरी आल्यावर वजन करावं. स्वयंपाकघरातला काटाही चालतो.

दुसरी काळजी आगीची आहे, आणि आपल्या पिशवीत ती जास्त आहे. आपल्या डब्यात काय काय असतं ते आठवा: गळ, फिरकी, शिशाची वजनं, तारेचे तुकडे. सगळा धातू. सुटा लिथियम-आयन सेल त्यात पडला आणि त्याची दोन टोकं धातूने जोडली गेली तर क्षणात तो हात भाजण्याइतका तापतो, पेटूही शकतो. या सेलची सगळी नळी ऋण टोकाची असते आणि तिच्यावर पातळ प्लास्टिकचं वेष्टन असतं. गळाच्या टोकाने बटणाजवळ एक ओरखडा निघाला तरी धन आणि ऋण यांच्यात जेमतेम केसाचं अंतर राहतं. म्हणून जादा सेल कायम त्याच्या प्लास्टिकच्या डबीत, आणि ती डबी मासेमारीच्या डब्यात नाही, माझ्या आतल्या खिशात. थंडीच्या रात्री त्याचा दुसरा फायदा होतो, सेल अंगाच्या उबेत राहतो आणि त्याची ताकद टिकते. नवशिक्यांनी आत संरक्षक सर्किट असलेलाच घ्यावा. तो साध्या सेलपेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त लांब असतो, आपल्या दिव्यात बसतो का तेवढं पाहून घ्या. महिनाभर बाहेर जायचं नसेल तर सेल निम्मा भरलेला ठेवावा, काठोकाठ नाही. आणि खाऱ्या पाण्यात बुडालेला लिथियम-आयन सेल मी पुन्हा चार्जरला लावत नाही, मग तो कितीही नवा असो.

१४५०० नावाचा सेल दिसायला हुबेहूब एए असतो, पण ३.७ व्होल्टचा. तो एएच्या दिव्यात घालून जळलेले दोन दिवे माझ्याकडे दुरुस्तीला आले होते. दोन्ही परत पाठवावे लागले.

बॅटरी आतच कायमची बसवलेले यूएसबीचे दिवे मी एका वाक्यात संपवते: रात्री दोनला तो बसला तर तुमच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. बॅटरी पॅक आणि तीन एएए, दोन्ही चालणारे दिवे मिळतात, उदाहरणार्थ पेट्झल कंपनीचा १२५० मिलिअँपिअर-तासांचा कोअर पॅक घेणारे. ते त्यापेक्षा कितीतरी बरे.

१८६५० कडे वळण्याचं माझं खरं कारण मात्र क्षमता नव्हती. एका संध्याकाळी मी घरी जमिनीवर बसले, हात ओले केले, डोळे मिटले आणि दिव्याचे सेल बदलून पाहिले. दादा घड्याळ घेऊन समोर. तीन एएए बदलायला जवळजवळ दोन मिनिटं लागली, आणि त्यात एक सेल निसटून कपाटाखाली गेला. तीनपैकी मधला उलटा बसतो, आणि ओल्या बोटाला सपाट टोक कुठलं आणि बटण कुठलं ते पटकन कळत नाही. नखाने चाचपावं लागतं. मागची टोपी फिरवून १८६५० बदलायला पंधरा सेकंद लागली. खडकावर उभं राहून हेच केलं असतं, तर कपाटाखाली गेलेला सेल पाण्यात गेला असता. तुम्ही कुठलाही सेल घ्या, ही चाचणी घरी एकदा करा. डबीत सगळे सेल बटण एकाच दिशेला करून ठेवा, म्हणजे काढतानाच दिशा समजते.

लाल उजेड असलेला दिवा घ्या, सेलच्या दृष्टीनेही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झोताने ते क्षणात मोडतं; मंद लाल उजेडाने फारसं मोडत नाही. आमिष लावायला लाल पुरतो. माझ्या दिव्यात तो २० मिलिअँपिअरच घेतो. लाल एलईडीला व्होल्टेजही कमी लागतो, साधारण २. त्यामुळे साध्या दिव्यात पांढरा उजेड बसल्यावरही लाल बराच वेळ पेटत राहतो. सामान आवरून वाटेला लागायला तेवढं पुरतं, हे मी अनुभवलेलं आहे.

पिशवीत दिवा आपोआप लागून सेल उतरणं, हेही नेहमीचं. मागच्या टोपीचा दिवा असेल तर टोपी पाव फेरा सैल करा, बहुतेक दिव्यांत संपर्क तुटतो. पेन्सिल सेलच्या दिव्यात सेल आणि पट्टीच्या मध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा. घरी आल्यावर दिवा बंद असतानाच गोड्या पाण्याखाली धुवा, पुसा, वाळवा, आणि मगच उघडा. खारे थेंब झाकणावर असताना उघडलं की ते आत जातात. रबरी कडीला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचं बोट लावते मी.

दादाकडे आज एकाच एए सेलवर चालणारा दिवा आहे. आतलं सर्किट १.२ व्होल्ट उचलून एलईडीला लागतात तेवढे करतं. उजेड माझ्याहून कमी आहे, पण हातातलं काम दिसतं. सेल एकच, त्यामुळे उलटसुलट होण्याचा किंवा जोडीचा दुबळा निघण्याचा प्रश्न नाही. त्यात निकेल चालतो, लिथियम चालतो, आणि अगदी अडलं तर कुठूनही आणलेला अल्कलाइनही चालतो. मी माझा १८६५० सोडणार नाही. पण पहिलाच हेडलॅम्प घेणाऱ्याला मी दादाचाच दिवा सुचवते. माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलगी पुढच्या अमावस्येला आमच्याबरोबर यायचं म्हणतेय. तिच्यासाठी तसलाच दिवा आणि तीन साधे एनेलूप घेतले आहेत. काल रात्री ते पहिल्यांदा चार्जरला लावले आणि त्यांच्यावर च१, च२, च३ घातलं.